सकाळचा आकडा

११ जानेवारी
सहा! शून्य ते दहापैकी सहा दुखतंय म्हणे. फिजिओबाईंनी विचारलं आणि माझी सोळा वर्षांची लेक माझ्याकडे बघत म्हणाली, सहा. उड्या मारून मारून गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दुखावलीय. मला वाटलं, पंधरा दिवस विश्रांती, थोडा बर्फ, झालं. तर बाई म्हणतात, विश्रांती नाही — वजन! क्लिनिकमधल्या मशीनवर बसून पायांनी वजन ढकलायचं. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. कंडरा ओझं पेलूनच बळकट होते. ऐकावं ते नवलच.

निवड चाचणी ५ एप्रिलला. गेली अठरा वर्षं मी व्हॉलीबॉल क्लबची कोच आहे, आणि इथून एकही मुलगी मोठ्या संघात गेलेली नाही. ही जाईल अशी आहे. नेमका आत्ताच गुडघा!

१२ जानेवारी
फिजिओबाईंचा नियम असा. रोज सकाळी एका पायावर खुर्चीतून उठायचं, बसायचं आणि दुखण्याचा आकडा सांगायचा. सलग सात दिवस दोन किंवा त्याहून कमी आला की उड्या सुरू. तोवर मैदान बंद. आकडे लिहायला वही केलीय. वही माझ्याकडे.

२ फेब्रुवारी
चार. उतरतोय! मशीनवरचं वजन चाळीस किलो झालं.

१६ फेब्रुवारी
चार. दोन आठवडे चारच. सकाळी सातला मी वही घेऊन उभी, ही डोळे चोळत उठते, बसते आणि सांगते — चार. तो शब्द ऐकला की माझा दिवस फुकट जातो.

वजन मात्र साठावर गेलं. क्लिनिकमधून येते तेव्हा गुणगुणत येते. हे म्हणाले, “पोरगी खूश दिसते.” मी म्हटलं, खूश राहून संघात घेत नाहीत.

२७ फेब्रुवारी
फिजिओबाईंवर डोकं फिरलंय. म्हणाल्या, एवढं ओझं पेलते म्हणजे आकडा उतरायला हवा होता, घरी जास्तीचं काही करून घेता का? मी! नियमाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. लेक शेजारीच बसली होती, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

३ मार्च
करू नये ते केलं. संध्याकाळी तिला गच्चीवर नेलं आणि वीस उड्या मारायला लावल्या. फक्त वीस! बघू तरी, म्हटलं. काय उडाली! दीड महिन्याच्या वजनांनी पायात नवी ताकद आलीय. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही.

४ मार्च
सहा.

माझ्या हातांनी केलं हे. यांना सांगितलं नाही. क्लिनिकमध्येही तोंड शिवून बसले. बाईंनी आकडा बघून वजन उतरवलं, तेव्हा लेकीचे डोळे भरून आले. वजन उतरलं म्हणून कोण रडतं? बिचारी, चाचणी हुकेल म्हणून रडत असणार. मी कसली आई!

७ मार्च
पुन्हा चार. वजनही परत साठ. फिजिओबाईंनी स्पष्ट सांगितलं — उड्यांच्या तयारीला तीन आठवडे तरी लागतात. १५ तारखेला सुरू झाल्या तर ठीक, नाहीतर या वर्षी चाचणी विसरा. पुढच्या वर्षी तिचा वयोगट बदलेल, मग कसली चाचणी!

११ मार्च
चार.

१२ मार्च
चार. सकाळी मी ओरडले. “नीट उठ! मुद्दाम वाकडं उठतेस!” हे मध्ये पडले.

१४ मार्च
लिहायलाही लाज वाटते. वहीतले शेवटचे सात आकडे खोडरबराने पुसले आणि दोन, दोन, एक, दोन असं भरलं. गच्चीवर बघितलंय मी तिला. तो पाय दुखऱ्या माणसाचा नव्हता. उद्या क्लिनिकला जायच्या आधी लेकीला पढवून ठेवायचं — विचारलं तर दोन म्हण. एकदाच खोटं बोल. तुझ्याच भल्यासाठी.

१५ मार्च
वही तिच्यापुढे धरली, सांगायचं ते सांगितलं. तिने पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“आई, शून्य आहे. महिना झाला, शून्यच आहे.”

गच्चीनंतरचा सहासुद्धा खोटा होता. वजनं उचलायला आवडतं म्हणाली, तिथे कुणी ओरडत नाही. मैदानावर परत जायचं नाहीये. मला सांगायची भीती वाटत होती.

सकाळपासून तिच्या दाराशी तीनदा जाऊन आले. आकड्याशिवाय तिला काय विचारायचं, तेच सुचत नाही.