उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही

३ मार्च, टाउन्सव्हिल, ऑस्ट्रेलिया
सात महिने वहीत काही लिहिलं नाही, याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. आळस नव्हता, लिहिण्यासारखं घडत नव्हतं. (हे खरं का? निम्मं.) आता ठरलं. मी लष्करात डॉक्टर होणार. वय सेहेचाळीस.
मार्ग तीन. विद्यार्थी असताना लष्कराने फी भरायची: ती संधी केव्हाच गेली. पूर्णवेळ नोकरी: दवाखाना सोडवत नाही. उरलं राखीव दल. वर्षातून काही आठवडे, अंगावर गणवेश. सप्टेंबरची तुकडी गाठायचीच. ही हुकली तर मला पुन्हा धीर होणार नाही, हे पक्कं ठाऊक आहे.

४ मार्च
बायकोला, नॅरेलला, सांगितलं. म्हणाली, "अरे, तंबूत मुंग्या निघाल्या म्हणून तू रात्रभर गाडीत झोपला होतास!" तंबू सदोष होता.

९ मार्च
रोज समुद्रकाठी पळायचा संकल्प. आज उकाडा फार.

१० मार्च, पहाटे ५.४०
पळालो. पहिल्या बाकापर्यंत. बाक चांगला आहे.

१७ मार्च
भरती कार्यालयात सार्जंट फालेओलो बाईंनी विचारलं, पुशअप्स किती? म्हटलं, पूर्ण आणि अपूर्ण असा भेद करावा लागेल. त्या म्हणाल्या, "डॉक, नाक जमिनीला लावलं की एक मोजायचा. नाक आपणहून आपटलं तर नाही."

२२ मार्च
वैद्यकीय फॉर्म भरला. प्रामाणिकपणे. कधी छातीत दुखलं? हो, २००९, खिमा भरलेला गरम मीट पाय घाईत खाल्ल्यावर. तरी संभाव्य कारणं सहा लिहिली. पुरवणी अकरा पानांची झाली. असा तपशील त्यांनी पाहिला नसेल.
शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही हवी होती. केली. वीस वर्षं माझे उपचार मीच करतो. शेरा: फिट. रिसेप्शनवरची बेव्ह शिक्का देताना म्हणाली, "डॉक्टर तुम्ही, पेशंट तुम्ही. मग ताटकळत कोण बसलं होतं?" शिक्का मी सरळ मारला.

५ एप्रिल
अर्ज परत आला. सार्जंटबाईंचा फोन. "डॉक, तुमचे डॉक्टर म्हणतात तुम्ही फिट. तुमची अकरा पानं वाचून वाटतं, तुम्ही अजून जिवंत कसे? कुणाचं खरं धरू?" म्हटलं, दोघंही प्रामाणिक आहेत. "दोघं एकच आहात, हीच तर पंचाईत! शुक्रवारपर्यंत दुसऱ्या डॉक्टरचा रिपोर्ट आणा, नाहीतर सप्टेंबर विसरा."

संध्याकाळी
वीस वर्षांत मला कुणीही तपासलेलं नाही. एखादा पेशंट असं वागला असता तर त्याला चांगला झापला असता. मग मी का गेलो नाही? वेळ नव्हता. (हे खरं का? नाही.)
लष्कराची भीती वाटत नाही. कुणीतरी माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावेल, जरा थांबेल आणि नुसतं "हं" म्हणेल, त्याची वाटते. तो "हं" मी दिवसातून वीसदा म्हणतो. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

उद्या: डॉक्टरची अपॉइंटमेंट घेणे.