तीर्थाबरोबरची गोळी

आई, काल परभणीला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. नव्या दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू हलायला लागलाय. त्यांनी पुन्हा विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. पहिल्या वेळी मी काहीच नाही म्हणाले होते. या वेळी सांगितलं, मन खचलं म्हणून दोन वर्षांपासून एक घेते. "या गोळ्यांनी काहींचं हाड स्क्रूला धरायला वेळ लावतं," त्या म्हणाल्या. "तुमचं त्यानंच झालं असं नाही सांगता येत. पण आधी बोलायचं की हो ताई. आणि आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा."

सेलूच्या गाडीत बसले आणि तुझा पाय आठवला. न्हाणीत पडलीस, मांडीच्या हाडाला प्लेट लावली, तरी सहा महिने हाड जुळेना. पुन्हा ऑपरेशन झालं, तरी काठी सुटली नाहीच. गोळी तुझीही असलीच होती. बाबा गेल्यावर तू स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसायचीस. त्या गोळीनंच तुला उठवलं. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली की तीर्थाबरोबर गिळायचीस, त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याला ती पूजेतलीच वाटायची.

तू पडलीस तेव्हाचा दवाखाना अजून दिसतो. हाडाचे डॉक्टर खाटेशी उभे आहेत. "मावशी, गोळ्या कोणत्या घेता?" तू माझ्याकडं बघतेस. मी म्हणते, "साखरेची आणि बीपीची तेवढी." ते गेल्यावर तू म्हणतेस, "लय सफाईनं बोलायलीस की. मला बीपी हाय हे मलाबी आजच कळलं." दुसऱ्या दिवशी खाटेवरच पूजा झाली आणि गोळी मीच तुझ्या हातावर ठेवली.

मग तुझं हाड जुळायचं मी अडवलं का? की साखरेनं? की नको म्हटलं तरी तू पाय टेकायचीस, त्यानं? सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित गोळी चालूच ठेवून नुसतं लक्ष ठेवलं असतं. बंद केली असती, तर तू परत भिंतीकडं वळली असतीस. कालपासून उलटसुलट करून बघते, कुठंच पोचत नाही. तुला जाऊन बारा वर्षं झाली. विचारू तरी कुणाला?

हे वहीतच राहणार, म्हणून लिहिते. तुला कुणी वेडी म्हणू नये म्हणून खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं धरून होते. शेजारच्या खाटेवर पाथरीच्या बाई होत्या. त्यांच्या भाच्याशी माझं लग्न ठरत होतं. त्या ऐकत होत्या, एवढंच मी तेव्हा बघितलं.