अबोलीवरची अट मागे घेताना

मी, जयवंता सुशील रणनवरे, वय ४६, राहणार धरमपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन स्थिर आहे, असे मात्र शपथेवर सांगवत नाही. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. मार्चमध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. माझी सदनिका एकुलती मुलगी अबोली हिला मिळावी. मागच्या मृत्युपत्रात "ती नागपुरात राहिली तरच" अशी अट होती. ती मी काढली आहे. वकीलसाहेबांनी विचारले, "अन् तिनं घर विकून टाकलं तं?" मी पुढचे कलम लिहायला घेतले. पूर्वी अशा प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे तयार असत.

२. दिवंगत पती सुशील यांची स्कूटरही अबोलीला. ते स्कूटरवरून पडतील या भीतीत मी सगळा संसार काढला. पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जेवत नसे. ते म्हणत, "काहून वं, देवाले सुट्टी देऊन टाकली का? त्याचं काम तं तूच करून राहिली!" ते गेले ते घरात, भर दुपारी, खुर्चीत. स्कूटर खाली उभी होती. त्यांच्या मागे बसून मी जवळच्या उमरेडपर्यंतसुद्धा कधी गेले नाही. हे दुःख कोणाच्या नावे करता येत नाही. ते माझ्याकडेच राहील. अबोलीने स्कूटर शिकावी. मी शिकू दिली नव्हती.

३. बँकेतील ठेवी अबोलीच्या. शिलाई मशीन चर्चच्या महिला मंडळाला.

४. अबोलीला शिलाँगच्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी मिळाली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा झाली, तेव्हा मी सर्वांसमोर मागितले, "प्रभू, हे दार बंद कर." सगळे आमेन म्हणाले. अबोली म्हणाली नाही. नंतर कप विसळताना म्हणाली, "आई, तू देवाले मागून नाही राहिली, समजावून राहिली."

"अन् तुले तिथं काही झालं तं?"

"मंग, तो तिथं नाही काय?"

इतकी वर्षे चर्चमध्ये जाऊन मला यावर "आहे" एवढेही पटकन म्हणता आले नाही.

५. म्हणून सांगते: माझे काहीही झाले तरी तिचे तिकीट रद्द करू नये. ती निघालेली असेल तर दफनासाठी परत बोलावू नये. मला भीती आजही वाटते. भीती जाण्याची वाट पाहिली असती, तर ही सही झालीच नसती. अबोलीला मी देवाच्या हाती सोपवते, तेही बिनशर्त.

हा मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. लाभार्थी असल्याने अबोलीची सही इथे चालत नाही. वाचून झाल्यावर ती हळूच "आमेन" म्हणाली, तेवढे लिहून ठेवते.

सही: जयवंता सुशील रणनवरे

साक्षीदार:
१. ॲड. कृष्णकांत पांढरीपांडे
२. यमुताई वझलवार (शेजारी)

नागपूर, दि. १६ ऑगस्ट २०२५