खिंडीवरचे दगड

३ मे
गार्गी कुमाऊंला निघालीय. अख्ख्या हिमालयात नातीनं नेमकी तीच खिंड निवडावी! "आजोबा, तुम्ही कामाला होतात ना तिथे? सांगा ना काहीतरी." सांगितलं ते सगळं फुलांचं. बुरांसची लाल झाडं, कोवळं ऊन. चौथीच्या पुस्तकातली हिमालयाची कविता गुरुजींच्या चालीवर म्हणून दाखवली.
"बाप रे, अजून पाठ?"
बरंच काही पाठ आहे.

५ मे
कवितेतला हिमालय पांढराशुभ्र. मी पाहिला तो करडा, भुसभुशीत, रोज थोडा खाली येणारा. बावीस वर्षांचा होतो, खेचरांच्या वाटेच्या कामावर. वाटेला आधाराची भिंत हवी, दगड कमी. माथ्यावर दगडांचा पुरुषभर ढीग. म्हटलं, हाच घ्या. दोन दिवसांत संपला.
तिसऱ्या दिवशी मेंढ्यांमागून तिथलाच धरमसिंग आला. त्यानं सांगितलं, यांचे बाप-आजे तिबेटात मिठाला, लोकरीला जायचे. जाताना माणशी एक दगड ठेवायचा, परतताना आपला उचलायचा. उरले ते न आलेल्यांचे. कुणी बर्फात गेले, कुणी सरहद्द बंद झाली तेव्हा पलीकडेच.
"बाबूजी, मेरा बाप किस दीवार में है?"
रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर...

८ मे
गार्गी गेली. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली बरोबर. दारात सगळं ओठांवर आलं होतं. तिचा बाप, श्रीधर, खालून ओरडला, "बाबा, सोडा तिला, गाडी चुकेल!" राहून गेलं. खरं म्हणजे राहू दिलं. आजोबा म्हणजे फुलं नि कविता. तेवढंच तिच्याजवळ असावं, असं वाटलं.

११ मे
बोळिंजच्या या बाल्कनीतून पूर्वेचा डोंगर दिसतो. आज धुरकट हवेत त्याच्या माथ्यावर ढीग. चष्मा पुसला. तरी होता.
निर्मळची भाजीवाली विचारत होती, "बाबा, पोरगी कधी येनार?"
भाजी न घेताच वर आलो. काय विचारलं तिनं एवढं!

१४ मे
दुपारी फोन. वारा फार.
"आजोबा, माथ्यावर केवढा ढीग आहे दगडांचा! तुमच्या वेळी होता?"
होता, म्हटलं.
"सगळे एकेक ठेवतात, फोटो काढतात. मीपण ठेवला."
"उचल तो! गार्गी, उतरायच्या आधी उचल."
"आता कुठला ओळखू? हजारो आहेत. आणि आम्ही पलीकडे उतरतोय, या वाटेनं परत नाही येत."
"ऐक, मी तिथे..."
रेंज गेली.
श्रीधर म्हणतो, "पाचला खाली पोचतील, तेव्हा लागेल फोन. तुम्ही पडा जरा."
सहा वाजून गेले. फोनमधली बाई हिंदीत तेच तेच सांगते.
हे सगळं नीट लिहून ठेवतो. ती आल्यावर तिच्या हातात देईन. ती आल्यावर.