पाटीवरची घासलेली ओळ

आबा, परवा मी जळगावहून धुळ्याला गेले होते, आपल्या चर्चमध्ये. पाळकसाहेबांनी फोन करून बोलावलं. लढाईवर गेलेल्या आपल्या मंडळींच्या नावांची ती पितळी पाटी काढून तिथं आता काळा ग्रॅनाइट बसवणार आहेत. पण शेवटची ओळ पार गुळगुळीत झालीय, तिथं कुणाचं नाव होतं ते आता कुणालाच सांगता येईना. "पाटी तुमचे वडील घासायचे ना? तुम्हाला माहीत असेल," म्हणाले.

माहीत नसायला काय झालं? दर शनिवारी, उद्याच्या उपासनेसाठी, तुम्ही चिंच आणि विटेची भुकटी घेऊन स्टुलावर चढायचात. बाकीच्या नावांवरून हात हलकेच फिरायचा, शेवटच्या ओळीवर मात्र दातओठ खाऊन. ते नाव तुमचंच. आई खालून हसायची, "आपलंच नाव कितलं घसशात? सोनानं व्हई का ते?" मलाही वाटायचं, आबांना नावाची भारीच हौस. एकदा मीही तसंच चिडवलं, तर चिंधी फेकून तुम्ही ओरडलात, "जे परत उनात नही त्यासनं नाव ऱ्हाऊ दे. मी ते जित्ता परत उनू!" त्या दिवशी जेवला नाहीत. आपल्याच गल्लीतला तुमचा मित्र लढाईत तुम्ही चालवत होतात त्या गाडीत, तुमच्या शेजारी बसलेला असताना गेला, एवढंच आईनं सांगितलं. तुम्ही नाव चमकवत नव्हतात, पुसत होतात, हे मला कळलं तेव्हा तुम्हाला माती देऊन कितीतरी वर्षं झाली होती.

पाळकसाहेब खोळंबले होते. तुमच्या मनासारखं करायचं तर "आठवत नाही" एवढं म्हटलं की झालं. मी पाटीवर बोट फिरवलं. मित्राचं नाव अजून ठसठशीत आहे आणि तुमच्या जागी नुसतं थंड पितळ. फार वाईट वाटलं, आबा. तुमच्या कबरीवरचा लाकडी क्रूसही वाळवीनं कधीच खाल्ला. मग तुम्हाला शोधायचं कुठं?

मी नाव सांगितलं. कारागिराला म्हटलं, खोल कोरा. हे पत्र कुठं पाठवणार, आईच्या बायबलात ठेवून देते. तुम्ही रागवाल, ठाऊक आहे. आणखी एक सांगून टाकते. नाव सांगण्याआधी मी कारागिराला विचारून घेतलं होतं, चिंचेनं ग्रॅनाइट झिजतो का. नाही म्हणाला.