शब्बीरच्या पुतळ्याची मिशी

मी, बीबीजान दिलावर आत्तार, वय शहात्तर, राहणार नेरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणी कान भरले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनाने वकील गौतमीताईंकडून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. राहते घर, भाड्याच्या खोल्या व रईस चालवतो ते मारुंजीचे दुकान शरियतप्रमाणे मुलगा रईस आणि मुलगी निखत यांना मिळावे. भांडून लोकांना तमाशा दाखवू नये.

२. माझा थोरला शब्बीर कारगिलच्या लढाईत गेला. लढाई अडीच महिन्यांत आटोपली, गावाचा अभिमान अजून आटोपलेला नाही. दर जुलैला मला व्यासपीठावर बसवून शाल देतात. त्या साऱ्या शाली बांधकामावरच्या मजूर बायांना वाटाव्यात. थंडीला पुरणार नाहीत, पण लेकरांच्या झोळीला चालतील.

३. गावातला शेखर एरवी रईसच्या दुकानातून काही घेऊ नका म्हणून सांगत फिरतो, आणि कारगिल दिवसाला माझ्या पाया पडून फोटो काढून घेतो. माझ्या जनाज्याला खांदा द्यायचा असेल, तर त्याने आधी त्या दुकानातून पावशेर साखर घ्यावी.

४. रस्त्याकडेच्या माझ्या ज्या अर्ध्या गुंठ्यावर शब्बीरचा पुतळा आहे, तो अर्धा गुंठा मी गावाला देते. कायद्याने मला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असे देता येते, आणि हा तुकडा त्याहून लहान आहे.

आमच्यात पुतळे करत नाहीत. जमातीने नाक मुरडले, तरी गावाची माया आहे म्हणून मी हो म्हटले. शब्बीरचा एकमेव नीट फोटो पुतळा समितीचे बंडोपंत नमुन्यासाठी घेऊन गेले आणि तो हरवला. पुतळ्यावरचे कापड काढले, तर ओठावर ही झुपकेदार मिशी! माझे पोर वीस वर्षांचे होते, मिसरूडही धड फुटले नव्हते. विचारले तर बंडोपंत म्हणाले, "चाची, बिनमिशीचा जवान कुटं असतोय व्हय? बघून छाती फुगाया पायजे."

"माझा व्हता की," मी म्हणाले. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

माझी अट एकच, ती मिशी काढावी. सिमेंटची आहे, छिन्नीने निघते, गवंड्याला विचारले आहे. ओठाला धक्का लावू नये. त्याचा वरचा ओठ आखूड होता, हसला की दात दिसत. गौतमीताई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. न टिको. गावाने एका आईचे ऐकावे.

५. हे आत्ताच का लिहिते, तेही सांगते. शब्बीरची पेटी आली तेव्हा उघडू नका म्हणाले, म्हणून त्याचे तोंड शेवटचे पाहता आले नाही. मनात होते तेवढेच माझ्याजवळ उरले. गेल्या महिन्यात तो स्वप्नात आला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "अम्मा, जेवायला वाढ." त्याला मिशी होती. मी विचारले, "कोण पाहिजे तुम्हाला?"

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

बीबीजान दिलावर आत्तार (सही)

साक्षीदार :
१. तुळजाबाई, शेजारीण (निशाणी डावा अंगठा)
२. शैलेश, भाडेकरू (सही)

नेरे, १९ नोव्हेंबर २०२५