एकेचाळिसावं पत्रक

सोमवार, ता. २ नोव्हेंबर

आलं ते: पाकिटं दोनशे (अठरा). कार्बन कागदांची डबी एक (सात. मागच्या वेळी सहाला होती. दुकानदार म्हणतो, "वहिनी, तेव्हा तुमच्याकडे बघून दिली." आता काय माझं तोंड बदललं?). डिंकाची बाटली (दोन, पाव तर पिशवीतच सांडली). आणि विमा कंपनीचं पत्र. फुकट आलं, पण महागात पडणार ते हेच!

कंपनी विचारते, एकट्याने कचेरी चालवणारा वकील आजारी पडला, किंवा देवाघरी गेला, तर त्याच्या पक्षकारांचं काय? प्रत्येकाने आपला एक सोबती नेमून द्यावा, आणि तो मंडळाचा सभासदच हवा. एकेचाळीस सभासदांची एकेचाळीस पत्रकं ३० तारखेला पोचायला हवीत. एक जरी कमी पडलं तर सगळ्यांचा विमा बंद, आणि विम्याशिवाय कोणालाच कचेरी उघडता येत नाही.

लहान कचेऱ्यांच्या वकिलांचं मंडळ! अध्यक्ष हे. मंडळाची कचेरी म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. कार्यवाहाची जागा चार वर्षं रिकामी आहे, म्हणजे तिथे मी आहे. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण देवाने चांगलं वसूल केलंय.

लेकीचंही पत्र आलं. फक्त माझ्या नावावर, गेली दोन वर्षं येतं तसं. वकिलांच्या मोठ्या फर्ममध्ये तिला खिडकीजवळचं टेबल मिळालंय म्हणे. "खिडकी आहे, पण उघडत नाही." ह्यांना वाचून दाखवलं. मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि विचारलं काय? — "तिकीट कितीचं लावलंय?"

गुरुवार, ता. ५

आमच्याकडे सभा. तीन तास! त्यातली चाळीस मिनिटं एका स्वल्पविरामावर. चहा दोनदा, दुसऱ्यांदा पातळ.

ठराव पहिला: सोबत्याचं नाव गुप्त राहील, म्हणजे कोणाचं मन दुखायला नको. पाकीट फक्त कार्यवाह उघडेल. मांडला कोपऱ्यावरच्या वकिलांनी. ठराव दुसरा: ज्याला नेमलं त्याची लेखी संमती हवी. मांडला जिन्याखालच्या वकिलांनी. दोन्ही एकमताने पास.

हे दोघे एकेकाळी एकाच कचेरीत बसायचे. वेगळे झाले तेव्हा एकाने कपाट नेलं आणि दुसऱ्याने किल्ली. अकरा वर्षं झाली. ना कपाट उघडलं, ना तोंड!

खुर्च्या मोजल्या. एक कमी. वकिलांनी नेली की काय?

शुक्रवार, ता. ६

भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला. नाव जर गुप्त, तर संमती देणारा संमती देणार कशाला? मला कोणी नेमलंय हेच त्याला माहीत नाही!

ओल्या हातानेच बाहेर गेले आणि ह्यांना सांगितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पण ठराव एकमताने झालाय."

"तेच तर म्हणते. एकेचाळीस वकील, आणि एकालाही शंका आली नाही!"

ठराव बदलायचा तर सभा हवी, सभेला चौदा दिवसांची नोटीस, नोटिशीचा मजकूर ठरवायला पुन्हा सभा. रामा! हात जोडले आणि झोपले.

सोमवार, ता. ९

पूजा करताना सुचलं. प्रत्येकाने एकच ओळ लिहून द्यायची: "मला ज्या कोणी सोबती नेमलं असेल, त्याला माझी संमती आहे." गुपित राहिलं, संमतीही झाली. ह्यांनी दोनदा वाचलं. काढायला एक स्वल्पविरामसुद्धा सापडला नाही. पडेल चेहऱ्याने म्हणाले, "चालेल."

गुरुवार, ता. १२

नाही चालत! न बघता सही करेल तो वकील कसला? दारोदार फिरतेय. चपलेचा तळ गेला. एकाने विचारलं, "ज्या कोणी म्हणजे नेमकं कोणी?" एकाने साक्षीदार मागितला. एक म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर विश्वास आहे हो, कागदावर नाही."

मी म्हटलं, "मग कागदावर सही करा आणि विश्वास माझ्यावर ठेवा." केली बिचाऱ्याने.

मंगळवार, ता. १७

आजचं लिहिताना हसू आवरत नाही. पाकिटं उघडली. कोपऱ्यावरच्यांनी सोबती नेमलाय कोण? जिन्याखालचे! आणि जिन्याखालच्यांनी? कोपऱ्यावरचे!! आणि संमतीच्या कागदावर दोघांनीही हाताने घातलेली शेपटी: "अमुक गृहस्थ सोडून." अमुक म्हणजे एकमेकच!

म्हणजे आपण मेलो तर फायली त्याच्याकडे जाव्यात, पण त्याच्या फायली आपल्याकडे नकोत.

आधी कोपऱ्यावर गेले. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ज्यांचं नाव लिहिलंय त्यांनी जर अशीच ओळ घातली तर?"

ते दचकले. "घातलीय?"

"मी कार्यवाह. माझं तोंड शिवलेलं आहे."

बराच वेळ समोरच्या कपाटाकडे बघत बसले. मग शेपटी खोडली, आणि खोडल्याबद्दल बाजूला सही करून तारीखही घातली. स्वभाव जाईल कुठे!

जिन्याखाली तेच विचारलं. ते म्हणाले, "खाडाखोड नको. कोरा कागद द्या." दिला. तेवढा एक कागद मंडळाच्या नावे वाया.

शनिवार, ता. २१

चाळीस झाली! राहिलं एक. कोणाचं? अध्यक्षांचं! विचारलं की "उद्या."

सोमवार, ता. २३

कालपासून ह्यांच्या चहात साखर अर्धी. आज पाव. नुसता कप फिरवत बसले.

"अहो, नऊ जणांनी तुमचं नाव लिहिलंय. तुम्हाला एकाचं लिहिता येत नाही?"

"सगळे आपलेच आहेत गं. कोणाचं लिहू?"

"कोणाचंही लिहा, डोळे मिटून! सात दिवस उरलेत. चाळीस घरांच्या चुली तुमच्या एका सहीसाठी अडल्यात."

उठून बाहेर गेले. छत्री न घेता. बाहेर पाऊस नव्हता म्हणा, पण एरवी घेतात.

मंगळवार, ता. २४

टाचणी हवी म्हणून ह्यांच्या कचेरीत गेले. टेबलाच्या आतल्या बाजूला खुर्ची दिसली. आमचीच, हरवलेली! पुसून ठेवलेली. वर गादीसुद्धा.

टाचणीच्या खणात पत्रक होतं. भरलेलं, सही केलेलं. तारीख ६ नोव्हेंबर, सभेच्या दुसऱ्याच दिवसाची. सगळ्यांच्या आधी! सोबती म्हणून नाव — लेकीचं.

त्याच खुर्चीत बसले. ती सभासद नाही. मोठ्या फर्ममधल्याला मंडळात घ्यायचं नाही, हा नियम ह्यांनीच केलेला, दोन वर्षांपूर्वी, ती मोठ्या फर्मला गेली त्या आठवड्यात. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, तुमच्या एका खोलीत मी बसू कुठे?" आणि हे म्हणाले होते, "जिथे जागा आहे तिथे बस."

आता स्वतःच्याच नियमात अडकलेत. तिला विचारायचं तर आधी बोलायला हवं.

तशीच घरी आले. पत्र लिहिलं. सभासदत्वाचा अर्ज, संमतीची ओळ, आणि तिचंही एक पत्रक — फर्म सोडून आली तर बेचाळीस होतील! — असे तीन कागद आत घातले. खुर्चीचं लिहिलं. गादीचंही. बळजबरी नाही, असंही लिहिलं आणि ती ओळ दोनदा वाचली. पाकीट टेबलावर ठेवलं. तिकिटं संपलेली, सकाळी आणून लावीन म्हटलं. देवाला आज काही मागितलं नाही, नुसती बसून राहिले.

बुधवार, ता. २५

हे आज माझ्याआधी उठून बाहेर जाऊन आले. टेबलावर बघते तर पाकिटावर तिकीट लावलेलं! साधं नाही, जलद टपालाचं. कोपरा न कोपरा नीट दाबलेला. कितीचं, ते बोलले नाहीत. मीही हिशेबात लिहिलं नाही.

चहात साखर पूर्ण घातली, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला एवढंच लिहिलं: "तिकीट बाबांनी लावलंय. हो की नाही, उलट टपाली कळव."